दिसले ते

२०१२ सालची दिवाळी. फराळ आटोपून आम्ही सारे गच्चीवर बसलो होतो. माझा धाकटा मावसभाऊ लडाखच्या सीमेवरून रजेवर आला होता. आकाशकंदिलाकडे पाहत तो सहज म्हणाला, की तिकडे असाच एक पिवळा दिवा चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येतो, तीन-चार तास सावकाश सरकतो आणि नाहीसा होतो.

शाळामास्तराला गप्प बसवते थोडेच! मी म्हणालो, "थंडीत रम अंमळ जास्त झाली असेल!" सारी गच्ची हसली. तो मात्र हसला नाही.

"हासा दादा. पण पहाऱ्यावरच्या माणसाले दिसलं ते लिहाच लागते. वेळ, दिशा, सारं." आणि हातातली चकली त्याने तशीच बशीत ठेवली.

पुढे २०१३ साली वर्तमानपत्रांत उलगडा आला. ऑगस्ट ते फेब्रुवारी या काळात जवानांनी अशा ३२९ नोंदी केल्या होत्या. चीनची टेहळणी विमाने असावीत, हा संशय. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा हेर निघाले गुरू आणि शुक्र! त्या उंचीवर हवा विरळ. ग्रह आपल्याकडच्याहून कितीतरी तेजस्वी दिसतात.

मी ते कात्रण जपून ठेवले आणि पुढच्या रजेत विजयी मुद्रेने त्याच्यापुढे धरले. त्याने शांतपणे वाचले. "बरं झालं, शुक्रच निघाला," एवढेच तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचे समाधान होते. मला ते तेव्हा उमगले नाही.

मग आला २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी गुढी उतरवून झाली होती. पावणेआठच्या सुमारास बाहेर एकच गलका झाला. धावत गच्चीवर गेलो, तो नागपूरच्या आभाळातून जळत्या निखाऱ्यांची एक रांगच्या रांग चाललेली! माझ्या तोंडून शब्द निघाले, "अरे, विमान पेटलं!" आणि तीच बातमी मी चार घरी पोचविलीही. शेजारचे काका क्षेपणास्त्र म्हणाले, कोणी उल्का, कोणी उडती तबकडी.

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला त्या रात्री धातूचे भले मोठे कडे येऊन पडले. पवनपारला एक गोळा सापडला. २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी अग्निबाणाचा तो टप्पा असावा, असे खगोलतज्ज्ञांनी सांगितले. पण हे सारे मागाहून.

त्या रात्री मी आधी भावाला फोन लावला. धापा टाकत सांगत सुटलो. तो हसेल, दहा वर्षांपूर्वीची ती रम व्याजासकट परत करील, अशी माझी खात्री होती. पण त्याने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"दादा, नेमके किती वाजले होते?"

मी घड्याळ पाहिलेच नव्हते.

"कोणत्या दिशेनं गेलं? किती तुकडे होते?"

मला सांगता येईना. तीस-चाळीस पोरांना रोज 'नीट पाहा, मग लिहा' म्हणून बजावणारा मी! फोनवर क्षणभर कोणीच बोलले नाही.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला, "पहिल्यांदा दिसलं की असंच होते."

मग मी त्याची माफी मागितली. कशाबद्दल, हे त्याने विचारले नाही.