पाठ केलेली प्रार्थना

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होते. घरच्यांना यातलं अर्धंअधिक माहीत आहे, ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना बहुतेक नवीन असेल. विषय जरा आडवळणाचा आहे. चर्चमध्ये प्रार्थना ठरलेल्या शब्दांत म्हणावी, की ज्याने त्याने त्या क्षणी मनातून करावी? तुम्ही म्हणाल, हा काय भांडायचा विषय झाला? आमच्या घरात मात्र होता.

माझे वडील आमच्या मंडळीचेही वडील. प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळकांच्या जोडीने मंडळीचा कारभार पाहायला जी माणसं निवडतात त्यांना 'वडील'च म्हणतात. 'प्रेस्बिटेर' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. त्यामुळे लहानपणी कोणी "वडील आले का?" विचारलं की आम्ही विचारायचो, "कुठले?" असो.

कोल्हापूरला रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशनचं काम सुरू केलं आणि १८७० मध्ये ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्या बाजूच्या ज्या मंडळ्या या मिशनमधून उभ्या राहिल्या, त्यातलीच आमची एक. साधी उपासना: गीत, शास्त्रवाचन, लांबलचक उपदेश आणि त्याहून लांबलचक प्रार्थना. पप्पा प्रार्थनेला उभे राहिले की पाऊस, परीक्षा, दवाखान्यातले आजारी, गावचं पाणी, सगळं नावानिशी देवापुढे मांडलं जायचं. बायकांच्या बाजूने आईचा खोकला ऐकू आला की आम्ही समजायचो, आता 'आमेन' जवळ आलं.

पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, हे त्यांचं ठाम मत. देवाशी बोलायला कागद कशाला लागतो?

हे मत त्यांचं एकट्याचं नाही, हे मला पुष्कळ नंतर, वाचायला लागल्यावर कळलं. २३ जुलै १६३७ रोजी एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये राजाच्या हुकमाने नवं प्रार्थनापुस्तक वाचायला घेतलं, तर लोकांनी दंगा केला. जेनी गेडिस नावाच्या एका बाईने बसायचं स्टूलच फेकून मारलं म्हणतात. पुढे १६४५ मध्ये वेस्टमिन्स्टरची 'डिरेक्टरी' आली. तिच्यात म्हणायच्या तयार प्रार्थना नाहीत. कशाबद्दल प्रार्थना करावी याच्या सूचना आहेत, शब्द पाळकाचे. गंमत अशी की खुद्द जॉन नॉक्सच्या काळात, १५६० नंतर, स्कॉटलंडच्या याच चर्चचं स्वतःचं छापील उपासनापुस्तक होतं. आणि डिरेक्टरीने प्रभूची प्रार्थना म्हणावी असं सुचवलेलं असूनही स्कॉटलंडमधल्या कितीतरी मंडळ्यांत तीसुद्धा मागे पडली. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना! माणूस एकदा तत्त्वाला पेटला की कुठवर जाईल सांगता येत नाही.

ती परत आणायला दोनशे वर्षं गेली. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चचे रॉबर्ट ली यांनी १८५० नंतरच्या दशकात छापील प्रार्थना वाचायला सुरुवात केली. गाताना उभं राहायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे, हेही त्यांनीच आणलं (तोवर नेमकं उलट होतं, लोक बसून गात आणि उभं राहून प्रार्थना करत). त्यावरून त्यांना जनरल असेंब्लीपुढे उभं केलं. पण १८६५ मध्ये 'चर्च सर्व्हिस सोसायटी' निघाली आणि वारं फिरलं. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी १९०६ मध्ये पहिलं उपासनापुस्तक काढलं, तेही 'ज्याला हवं त्याने वापरावं' अशा बेताने. मग १९३२, १९४६, १९७०, १९९३ आणि २०१८. दर पिढीला नवं पुस्तक.

आमच्याकडे हे वारं एका तरुण पाळकसाहेबांबरोबर आलं. दर रविवारी दुमडलेलं पत्रक. साध्या अक्षरांतलं पाळकांनी म्हणायचं, ठळक अक्षरांतलं मंडळीने. पापांगीकार सगळ्यांनी मिळून. आणि प्रभुभोजनाच्या आधी शेजाऱ्याचे हात हातात घेऊन 'शांती' द्यायची. पप्पा म्हणाले, हे सगळं इंग्लंडच्या चर्चचं, आपलं नव्हे. निदान शांतीच्या बाबतीत ते तसं नाही. हातातून हात जाणारी ती शांती केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, मेथडिस्ट अशी वेगवेगळी माणसं एकत्र येऊन १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, त्यांनी १९५० च्या आपल्या उपासनाविधीत ती घेतली, आणि त्या विधीचं कौतुक परदेशातही झालं. मी हे पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग केरळात द्यावी."

वडीलमंडळाच्या सभेत ते विरोधात बोलले, मत विरोधात दिलं, हरले. पत्रक सुरू झालं. पप्पा पत्रक घडी करून खिशात ठेवायचे आणि ठळक अक्षरांच्या वेळी गप्प उभे राहायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, अफेझिया. समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलायचा हट्ट धरला, त्याच्याकडे 'हो', 'नाही' आणि 'अरे' एवढंच उरलं. तेही कधी कधी उलटसुलट. चहा हवा असेल तर 'नाही' म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

नवव्या की दहाव्या दिवशी आई कॉटजवळ बसून रोजच्यासारखी प्रभूची प्रार्थना म्हणत होती. दुसऱ्या ओळीपासून पप्पा तिच्याबरोबर म्हणायला लागले. स्पष्ट, शेवटपर्यंत. आई मध्येच थांबली, रडू आलं तिला. ती थांबली तर तेही थांबले. मग मी पुढची ओळ धरली, तर पुन्हा सुरू.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. वारांची नावं, आकडे, गाणी, लहानपणी पाठ झालेलं असं बरंच काही अशा रुग्णांना म्हणता येतं, म्हणाले. मेंदूत त्याची वाट वेगळी असते. नंतर आम्ही एकेक करून पाहिलं. तेविसावं स्तोत्र येतं. प्रेषितांचा मतांगीकार निम्मा येतो. टिळकांची दोन गीतं चालीवर येतात, चाल सोडली की जातात.

पत्रकातलं मात्र काहीच येत नाही. पाळकसाहेबांची बाजू घेऊन मी भांडले होते, तेव्हा मला वाटलं होतं की ठरलेले शब्द पप्पांच्या कामी येतील. तसं होत नाही. कामी येतात ते साठ वर्षं म्हटलेले शब्द. दर पिढीला नवं पुस्तक काढणाऱ्यांना हे कोणी विचारलं होतं का, कोण जाणे. हल्ली तर आमच्याकडे पडदा आणि प्रोजेक्टर आहे. ओळ समोर दिसते, म्हणून होते, पुढची येते. माझ्या मुलाला एकही गीत पूर्ण पाठ नाही. त्याला मी रोज रात्री एक कडवं म्हणायला लावते, तो वैतागतो.

शांती पप्पा आता देतात, डाव्या हाताने. पहिल्यांदा दिली तेव्हा समोरच्या मावशी डावा हात पाहून क्षणभर थबकल्या, मग दोन्ही हातांत धरून बसल्या.

आता नवीन प्रस्ताव आलाय. तरुणांना जुनी मराठी जड जाते, म्हणून प्रभूची प्रार्थना सोप्या, नव्या भाषांतरातून म्हणावी. भाषांतर चांगलं आहे, मी वाचलं. दोन रविवार म्हणूनही पाहिलं. पप्पा पहिल्या ओळीला सुरू झाले, तिसऱ्या ओळीला अडकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि गप्प झाले. चारशे वर्षांपूर्वीची ती भांडणं वाचताना मला हसू यायचं. त्या रविवारी नाही आलं.

सभा पुढच्या महिन्यात आहे. मी पुण्याहून जाणार आहे. वडीलमंडळात पप्पांचं नाव अजून आहे, मत द्यायला हात वर करता येतो. आईने मला बजावलंय, "तू बोल, पण थोडक्यात बोल. त्यांच्यासारखं नको."