ओम्नी ठेवायची की काढायची?

शनिवार, रात्र. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला आज ओम्नीने मान टाकली. चूक माझीच, रेडिएटरचा पाइप पाझरतोय हे महिनाभर दिसत होतं. मेस्त्रीने पुढची सीट उचलली (हिचं इंजिन सीटखालीच), डिपस्टिक ओढून माझ्यासमोर धरली. ऑइलचा पार दुधाळ चहा झालेला. हेड गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरलं. हेड फेसिंग धरून १८ हजार म्हणाला. भंगारवाला तेवढेच द्यायला तयार आहे.

हिशेब करत बसलोय. २०१२ची गाडी, २०२७ला १५ वर्षं भरतील. मग फिटनेस, ग्रीन टॅक्स, फेरनोंदणी, तीही ५ वर्षांचीच. नवी ओम्नी २०१९पासून बनतच नाही. दुसरी जुनी घ्यावी, तर तिची दुखणी कोणाला ठाऊक? हिची मला पाठ आहेत. आई आजारी होती तेव्हा मागची सीट काढून, गादी घालून तिला हिच्यातूनच दवाखान्यात नेत होतो. सरकत्या दाराजवळ तिने धरायला बांधलेली सुती दोरी अजून तशीच आहे.

पत्रा सडला असता तर काढलीच असती. पण तळ ठणठणीत आहे. सोमवारी हेड उघडायला सांगितलंय.