गर्दीचं पंचांग

2011च्या जनगणनेनं महाराष्ट्राची घनता सांगितली ती चौरस किलोमीटरला 365 माणसं. वर्षाला जितके दिवस, तितकीच. साताऱ्याला 287, सांगलीला 329; आणि मुंबई उपनगरात हाच आकडा वीस हजारांच्या आसपास. या सरासरीत प्रत्यक्षात कोणीच राहत नाही. कराड आणि सांगलीच्या मध्ये, कृष्णाकाठच्या आमच्या गावात एखाद्या मंगळवारी भर दुपारी देवळापासून वेशीपर्यंत चालत जावं. पारावर दोन म्हातारे, दुकानाच्या फळीवर मांजर आणि ओळीनं कुलपं. त्याच वाटेवर चैत्रात, यात्रेदिवशी, तिळाएवढी जागा मिळत नाही. दुसरीकडची दाटी नकाशावर बघावी, आमची पंचांगात.

कुलपांमागची माणसं कुठं गेली, ते सगळ्या गावाला पाठ असतं. पाटण, जावळीच्या डोंगरातली मुंबईच्या गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेली. त्या घामाला कायद्याचं छत्र मिळालं ते 1969 साली, माथाडी कायद्यानं. आणि त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. खानापूर-आटपाडीकडं पाऊस कमी, म्हणून तिकडची पोरं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात शिरली आणि केरळ-तमिळनाडूपासून पंजाबापर्यंत पसरली. गलाईवाला म्हटलं की विट्याची आठवण होते ती त्यामुळंच. मुंबईत गेलेला गडी सुरुवातीला गावाच्या खोलीत राही. भिंतीला ज्याची त्याची खुंटी, तिच्याखाली ट्रंक. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा होई. त्याच्या वाट्याची इथली पडवी मात्र रिकामी. एकाच माणसाच्या नावावर इथं अख्खा सोपा आणि तिथं अर्धं अंथरूण, असा हा संसार चालायचा. मागं राहिलेल्या बायकांनी शेत, म्हातारी माणसं आणि मनिऑर्डर सांभाळली.

माणसं जातात तशी येतातही, आणि येण्याच्या तारखा ठरलेल्या असतात. आषाढी तोंडावर आली की ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण ही गावं एकेका मुक्कामापुरती शहरं होतात. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उरतात ती झाडणारी माणसं. दिवाळी सरली की बीडकडून ऊसतोड्यांचे ट्रक येतात. गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून त्यांचा एक कोयता धरतात. पहाटेच्या अंधारात उसाच्या फडाकडं निघणाऱ्या गाड्यांची घुंगरं ऐकू आली की समजावं, गाव पुन्हा भरलं. पाडव्याच्या आसपास कोप्या मोडतात; चुलींच्या तीन-तीन दगडांवरून किती बिऱ्हाडं होती ते मोजता येतं.

पण खरं भरतं ते यात्रेला. आदल्या रात्रीपासून फाट्यावर गाड्या थांबायला लागतात. "कवा आलासा?" "रातच्या गाडीनं." एवढ्यावर वर्षाची विचारपूस होते. पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा मटणाचा; मध्ये छबिना, गुलाल आणि कुस्त्या. काकूच्या घरी एरवी ती आणि काका. यात्रेला सोप्यात वाकळा अंथरल्या की डोकी भिंतीकडं, पाय मध्ये, अशा दोन ओळी लागतात. घाटकोपरची सून, कोइमतूरचा पुतण्या, पुण्यातली भाचरं. एका बोर्डाला सहा चार्जर, न्हाणीपुढं रांग, आणि कुणाचं तरी पोर कुणाच्या तरी कुशीत. काकू माणसं मोजत नाही, भाकरीही मोजत नाही. पिठाचा डबा उचलून जरासा हलवते आणि त्याच्या आवाजावरून गिरणीला कुणाला तरी पिटाळते. अंगाला अंग लागतं म्हणून कुणी कुरकुरत नाही. लोकलमध्ये ज्या खांद्यानं रोज पुढच्याला रेटायचं, तोच खांदा इथं पालखीखाली द्यायला ओढाओढ चालते.

पंचांगात नसलेली गर्दीही आम्ही बघितली. 2019च्या ऑगस्टात कृष्णा चढत गेली. "आयर्विनला किती?" हाच सगळ्यांच्या तोंडचा प्रश्न. सांगलीच्या त्या पुलाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. पाणी 57 फुटांवर गेलं. नदीकाठची गावं उठून उंचावरच्या शाळांमध्ये आली, जनावरं दिसेल त्या माळाला बांधली गेली. एका वर्गात चार आळ्या राहिल्या. न सांगता आलेल्या त्या माणसांसाठी डोंगराकडच्या गावांनी भाकरी बांधून पाठवल्या, कुणी ट्रॉलीभर वैरण दिली.

पुढच्याच वर्षी उलटं झालं. 2020च्या चैत्रात कोरोनामुळं यात्रा रद्द झाली, पण यात्रेला येणारी माणसं मात्र आली. कुणी दुचाकीवर, कुणी टेम्पोत लपून, कुणी चालत. फाट्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. ज्यानं आदल्या वर्षी पालखी उचलली, तो चौदा दिवस शाळेत. आई लांबून कट्ट्यावर डबा ठेवून मागं फिरायची. तीच माणसं, तीच घरं. भीतीपुढं गावानं आपली रीतभात गुंडाळून ठेवली, हे कबूल केलं पाहिजे. कधी येणार हे माहीत असेल तर माणूस कितीही माणसांना जागा करून देतो. त्या वर्षी कशाचीच तारीख कुणाला माहीत नव्हती. पुढं फांद्या उचलल्या गेल्या, पण त्या कुणी टाकल्या होत्या हे अजूनही चावडीवर कुणी बोलत नाही.

आता गावात जुने सोपे पाडून स्लॅबची घरं उठताहेत. राहायला दोन म्हातारी माणसं आणि खोल्या पाच, म्हणून बाहेरचा माणूस हसतो. गेल्या साली काकूचंही बांधकाम निघालं. गवंड्यानं पायाच्या आखणीचा चुना मारायच्या आधी विचारलं, "काकू, ऱ्हाणार किती जण?"

काकू म्हणाली, "रोजचं इचारतोस का यात्रंचं?"

गवंडी याच गावचा. त्यानं यात्रेचं धरून चुना मारला.