गोंगाटातला आपला शब्द

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला दोन तोंडे आहेत. पहाडगंजच्या बाजूने आत शिरले की पहिला फलाट लागतो, अजमेरी गेटच्या बाजूने शिरले की सोळावा. मधल्या पादचारी पुलावर घटकाभर उभे राहिले तर कानांवर काय काय आदळते! ध्वनिक्षेपकावर हिंदी आणि इंग्रजीत एकामागून एक गाड्यांची नावे, वाट मागणाऱ्या हमालांचा आरडाओरडा, चहावाल्यांच्या आरोळ्या आणि पंजाबी, भोजपुरी, बंगाली अशा नाना भाषांचा कलकलाट. त्यातच कुणाचा तरी आवाज येतो, ‘‘अगं, पाण्याची बाटली घेतलीस ना?’’ चार पावलांवरून चाललेला मराठी प्रवासी चटकन मान वळवतो. एवढ्या गदारोळातून त्याच्या कानाने नेमके तेवढेच वाक्य उचललेले असते.

कानाची निवड

कानाच्या या करामतीचा अभ्यास कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्याने लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळा मजकूर ऐकवला आणि एकाच कानातला मजकूर मोठ्याने म्हणायला सांगितले. दुसऱ्या कानात काय चालले होते, ते त्यांना जवळजवळ काहीच सांगता आले नाही. तिथली भाषा बदलली, तरी पत्ता लागला नाही! पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे या संशोधकाला आढळले, की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले तर काहींना ते ऐकू येते. पण तेही सुमारे एक तृतीयांश लोकांनाच. बाकीच्यांचे स्वतःचे नावही गोंगाटात बुडून गेले.

संगणकावरच्या आभासी जगातही हीच अडचण आहे. ‘सेकंड लाइफ’ हे असे एक जग २००३ साली सुरू झाले. घरबसल्या माणसे तिथे बाहुलीच्या रूपाने वावरतात आणि अक्षरांतून गप्पा मारतात. गर्दीच्या ठिकाणी ओळींमागून ओळी इतक्या भराभर सरकतात, की आपल्याला हाक मारलेली ओळ केव्हाच वर निघून जाते. म्हणून तिथे जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फायरस्टॉर्म’सारख्या प्रणालीत सोय केलेली आहे. आपले नाव, मित्राचे नाव किंवा हवा तो शब्द आधी नोंदवून ठेवायचा. तो शब्द कुणी लिहिला, की ती ओळ वेगळ्या रंगात उजळते आणि हवे असेल तर आवाजही होतो. म्हणजे पुलावरच्या मराठी प्रवाशाचा कान जे आपोआप करतो, तेच.

पण यंत्राला शब्द कळतो, अर्थ कळत नाही. ‘आशा’ हे मैत्रिणीचे नाव नोंदवले, तर कुणी ‘पावसाची आशा आहे’ असे लिहिले तरी ओळ उजळणारच.

शब्द ओळखीचा, अर्थ परका

दिल्लीत हिंडणाऱ्या मराठी माणसाचीही अशीच फसगत होते. ‘शिक्षा निदेशालय’ ही पाटी पाहून तो क्षणभर चपापतो. शिक्षा देण्यासाठी सरकारने वेगळे खाते काढले की काय! ते असते शिक्षण खाते. कुणी ‘मैं चेष्टा करूँगा’ म्हणाले, तर तो आपली थट्टा करणार नसतो, प्रयत्न करणार असतो.

काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बस स्थानकात याच्या उलट अनुभव येतो. तिथले वाहक गावाचे नाव तोडून तोडून, पुन्हा पुन्हा पुकारतात. चंडीगड, चंडीगड! हरिद्वार, हरिद्वार! नवख्या माणसाला तो नुसता कल्लोळ वाटतो; पण ज्याला हरिद्वारला जायचे आहे, त्याचे पाय आपोआप त्या आवाजाकडे वळतात. २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मेट्रोत आवाज शांत आहे. शम्मी नारंग यांचा हिंदी आणि रिनी सायमन खन्ना यांचा इंग्रजी स्वर दिल्लीकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की पुस्तकात डोके घातलेला माणूसही आपल्या स्थानकाचे नाव येताच उठून दाराशी जातो.

अर्धा शब्द घातक

खरी कसोटी परतीच्या प्रवासात लागते. ‘मुंबईची राजधानी’ एवढेच मनात धरून निघालेल्या कुटुंबाची चुकामूक ठरलेली. कारण दिल्लीहून मुंबईला जाणाऱ्या राजधानी गाड्या एकाहून अधिक आहेत. १२९५२ क्रमांकाची गाडी नवी दिल्लीहून मुंबई सेंट्रलला जाते. १२९५४, म्हणजे ऑगस्ट क्रांती राजधानी, मुंबई सेंट्रललाच जाते, पण सुटते हजरत निजामुद्दीनहून. २२२२२ देखील निजामुद्दीनहूनच सुटते, मात्र ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. नवी दिल्ली आणि निजामुद्दीन या दोन स्थानकांत काही किलोमीटरचे अंतर आणि दिल्लीची वाहतूक आहे. ‘मुंबई’ आणि ‘राजधानी’ हे दोन्ही शब्द बरोबर असूनही गाडी चुकू शकते.

गाडी चुकणे परवडले, असे म्हणायला लावणारी घटना १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री याच नवी दिल्ली स्थानकात घडली. महाकुंभाला निघालेल्या भाविकांनी फलाट फुलले होते. चेंगराचेंगरी झाली आणि १८ जणांचे प्राण गेले. नावांच्या साम्यामुळे गोंधळ उडाला, असे सुरुवातीला दिल्ली पोलिसांनी सांगितले. प्रयागराज एक्स्प्रेसचे प्रवासी १४ क्रमांकाच्या फलाटावर होते आणि ‘प्रयागराज स्पेशल’ १६ क्रमांकावर येत असल्याची घोषणा झाली. आपलीच गाडी तिकडे गेली, असे समजून लोक धावले. पुढे रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत वेगळे कारण दिले: एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे पडले आणि जिन्यावर माणसे अडखळली. कारण कोणतेही धरले, तरी ‘प्रयागराज’ हा एकच शब्द त्या रात्री हजारो कानांनी टिपायला ठेवला होता, हे खरे. अशा वेळी पुढचा ‘एक्स्प्रेस’ की ‘स्पेशल’ हा छोटासा शब्द किती मोलाचा ठरतो!

या घटनेनंतर अजमेरी गेटच्या बाजूला प्रवाशांना थांबण्यासाठी कायमचे यात्री सुविधा केंद्र उभारण्यात आले. ते चांगलेच झाले. पण प्रत्येक कुटुंबाला स्वतःलाही थोडी तयारी करता येते. २०१० च्या डिसेंबरपासून प्रवासी गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले आहेत आणि घोषणेत ते एकेक आकडा सुटा करून सांगतात. निघण्यापूर्वी गाडीचा क्रमांक, पूर्ण नाव आणि सुटण्याचे स्थानक एका चिठ्ठीवर लिहून घरातल्या प्रत्येकाच्या, अगदी आजी-आजोबांच्या आणि शाळकरी मुलांच्याही खिशात ठेवावे. आकडे हिंदीतून दोनदा मोठ्याने म्हणून घ्यावेत, कारण ऐकायचे आहेत ते हिंदीतून. गर्दी धावू लागली, तर लगेच तिच्यामागे न धावता पुढची घोषणा शेवटपर्यंत ऐकावी. आणि मुलांचा हात सोडू नये.

दिल्लीचा गोंगाट कमी होण्यातला नाही. त्यातून कान आपला शब्द शोधून काढतोच. मात्र तो त्याच्या हवाली करताना अर्धा नव्हे, पुरता करावा.