तेहतिसावा दगड

सन २००७ च्या एप्रिलात आमच्या घरी जो वाद पेटला, तो अजून पुरता विझलेला नाही. त्या महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात तेथल्याच एका विद्यार्थ्याने ३२ जणांस गोळ्या घालून ठार केले व शेवटी स्वतःचाही अंत करून घेतला. मृतांत जलशास्त्राचे अध्यापक लोगनाथन हे मूळचे तमिळ गृहस्थ होते, आणि मुंबईहून शिकावयास गेलेली एक मुलगीही होती. आमचा पुतण्या तेव्हा अमेरिकेतच, परंतु दुसऱ्या विद्यापीठात होता. त्याचा आवाज फोनवर ऐकेपर्यंत वहिनी देवापुढून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या सभेत ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान व बौद्ध असे चारही धर्मांचे लोक बोलले. रात्री मैदानावर हजारो मेणबत्त्या लागल्या. मृतांच्या नावे तेथे एकेक दगड मांडला गेला. त्यांत कोणा विद्यार्थिनीने तेहतिसावा दगड ठेविला, तो मारेकऱ्याचा! तो पुढे नाहीसा झाला, आणि कायमच्या स्मारकात ३२ च दगड आहेत.

वाद या दगडावरून. दादा संतापून म्हणाले, "ज्याने लेकरे मारली त्याच्यासाठी प्रार्थना? हा निव्वळ भाबडेपणा." आमच्या शाळेत एक ख्रिस्ती सहाध्यापक होते; सोलापुरात अमेरिकन मिशनचे काम जुने, त्यामुळे अशी घरे येथे नवी नाहीत. त्यांस विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, झालेले फिरवून दे असे आम्ही मागत नाही. आमच्या मनात विष राहू नये, एवढेच मागतो."

आम्हांस भागवताचा प्रथम स्कंध आठवला. निजलेल्या पोरांचे गळे कापणाऱ्या अश्वत्थाम्यास अर्जुन बांधून आणतो, तेव्हा द्रौपदीच म्हणते की, यास सोडा; मी रडते तशी याची आई रडू नये. हे आम्ही मोठ्या तोऱ्यात घरी सांगितले. त्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, माझा मुलगा सुखरूप आहे म्हणून मला हे पटते. नसता, तर पटले असते का, कोण जाणे." आमच्या पांडित्यास याचे उत्तर नव्हते.

सोलापुराहून पुण्यास जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. ज्यांच्यावर घाला खरोखर पडला, त्यांतल्याच एक पंडिता रमाबाई तेथल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. भागवत त्या घरचेच. दुष्काळात त्या कुटुंबाने व्रते, उपवास, जप यांत काही उणे ठेविले नाही. तरी १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. त्या प्रार्थनांस उत्तर मिळाले नाही, आणि रमाबाईंची श्रद्धा ढासळली. पुढे १८८३ त इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते धर्मांतर आम्हांस रुचत नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु न रुचणाऱ्या माणसाकडूनही शिकता येते, हे चाळीस वर्षे मुलांस सांगून आता स्वतः कसे विसरावे?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली त्यांनी शेकड्यांनी आणिल्या. आपण जिच्यात होरपळलो त्याच आगीत त्यांनी पुन्हा हात घातला. केडगावास प्रार्थनाही चाले आणि विहिरीही खणल्या जात. त्यांची पहिली प्रार्थना संकट टळावे म्हणून होती, ती फळली नाही म्हणून मोडली. दुसरीत मागण्यापेक्षा करणे अधिक होते, असे आम्हांस वाटते. ती मोडावयास कारण तर मोठेच घडले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा वारली. संस्थेची शाळा तिनेच सांभाळिली होती, आणि आईमागे सारा भार तिच्याच खांद्यावर यावयाचा होता. वय अवघे ४०. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कानांनी अधू, प्रकृतीने खचलेल्या.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी हाती घेतले होते. मुलगी गेल्यावरही ते चालू राहिले. १९२२ च्या ५ एप्रिलास त्या गेल्या, आणि १९२४ त तो ग्रंथ केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. तेथे खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातल्याच बायका करीत.