मींड आणि मनोरा

संगीतावरून इमारत सुचवा म्हटलं की आम्ही आर्किटेक्ट मंडळी हटकून वीणेचा भोपळा काढतो, नाहीतर पियानोच्या पट्ट्या. शहराच्या वेशीवर आम्हाला असाच एक मनोरा सुचवायचा होता. त्यात मला वाद्य नकोच होतं, मींड हवी होती. षड्जावरून पंचमावर जाताना गवई मधे कुठे पायरी घेत नाही, सरकत जातो. ते सरकणं लोखंडात आणायचं कसं?

वाट सापडली यानिस झेनाकिस यांच्याकडे. हे आर्किटेक्ट ल कोर्बुझिए यांच्या कचेरीतले इंजिनिअर, आणि संगीतकारही. 1954 साली पुऱ्या झालेल्या ‘मेटास्टेसिस’ या संगीतरचनेसाठी त्यांनी तंतुवाद्यांच्या मींडी आलेखाच्या कागदावर आखल्या. आडवा काळ, उभा स्वर; म्हणजे प्रत्येक मींड ही एक तिरकी सरळ रेघ. अशा रेघा कल बदलत शेजारी शेजारी ओढल्या की नजरेला वक्र पृष्ठभाग दिसतो, आणि रेघ मात्र एकही वाकडी नसते! 1958 मध्ये ब्रुसेल्सच्या फिलिप्स पॅव्हेलियनला याच जातीचे पृष्ठभाग मिळाले. पुढे त्यांनी काही किलोमीटर उंचीचं एक शहरही कल्पिलं. ते कागदावरच राहिलं, हे सांगायला नकोच.

आम्हीही सरळ पाइपांचीच दोन कडी घेतली, एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे. मधे आपोआप कंबर पडली. (एका परीक्षकाला त्यात डमरू दिसला. टाळलेलं वाद्य असं आत आलंच.) वर काचेचं आवरण.

खरं संगीत वाऱ्याने शिकवलं. मनोऱ्याला वळसा घालताना वारा दोन्ही अंगांनी आळीपाळीने भोवरे सोडतो. त्यांची लय मनोऱ्याच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली की डोलणं वाढत जातं. गवयाला सम गाठायची असते, आम्हाला चुकवायची. भोवऱ्यांची लय रुंदीवर ठरते. रुंदी उंचीगणिक बदलली की ठेका जमत नाही. बुर्ज खलिफाचे टप्पे याचसाठी सरकवलेले आहेत. तैपेई 101 मध्ये तर डोलणं आवरायला 660 टनांचा गोळा टांगलाय. आमच्या कंबरेने हे काम फुकटात केलं असतं.

अडलं ते जिन्यापाशी. लिफ्ट आणि आगीच्या वेळचे दोन जिने त्या कंबरेत मावेनात. ग्राहक म्हणाले, कंबर रुंद करा. रुंद केली तर रेघा जवळजवळ उभ्या होत होत्या, मींड संपत होती. आम्ही ती केली नाही, त्यांनी मनोरा बांधला नाही. दोघांचंही बरोबर होतं, असं मला आजही वाटतं.