सात आणि बारा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक प्राणी असतो. त्याच्या पोटी एक कुत्रा आणि एक मांजर जन्माला येतं, कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं आणि धडा संपतो. पेपरला तेवढं पुरतं. पण माझा मामेभाऊ जरा चौकस आहे. नांदुऱ्याहून रेल्वेने शेगावला इंजिनीअरिंगला जातो, दुसऱ्या वर्षाला आहे. (नांदुरा म्हणजे हायवेवरच्या 105 फुटी हनुमानाचं आमचं गाव.) परवा त्याने विचारलं, "दादा, ॲबस्ट्रॅक्ट मेथडमंदी काही लिहाचंच नसते, तर मंग ते ठेवतात काहून?"

प्रश्न रास्त आहे. नुसतं नाव, कंसात काय द्यायचं ते, आणि पुढे अर्धविराम. आत काहीच नाही!

मंडळी, थोडा इतिहास. क्लास आणि सबक्लास ही कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड या दोघांनी सिम्युला 67 या भाषेत आणली. खऱ्या जगातल्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करायची, हा त्यांचा उद्देश. सी प्लस प्लसमध्ये ॲबस्ट्रॅक्ट क्लास 1989 साली आले, आणि 1995 साली बाहेर पडलेल्या जावात तर 'ॲबस्ट्रॅक्ट' हा शब्दच भाषेत होता. म्हणजे मुळात हे सगळं खऱ्या जगावरूनच उचललेलं. मग मीही त्याला कुत्र्या-मांजराऐवजी आमच्या घरचंच उदाहरण दिलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. चार एकर वावर. वारस नोंदीसाठी अर्ज केला, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली : आई, ताई, मी. कोडमधल्या वारशात आणि या वारशात एक मोठा फरक आहे. कोडमध्ये वाटणी होत नाही. एका क्लासचे दहा सबक्लास असले तरी प्रत्येकाला आईबापाचं सगळं पूर्णच्या पूर्ण मिळतं, अकरावा आला म्हणून कोणाचं कमी होत नाही. जमिनीचं तसं नाही. म्हणूनच लग्न झालेल्या बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं, अशी आपल्याकडची न बोललेली रीत. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, तरी रीत काही मागे हटत नाही. आमच्याकडेही दोन-तीन नातेवाइकांनी विषय काढला. ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, नाव राहील. विषय संपला.

पण नाव लागलं म्हणजे काम झालं का? बाबा शेवटच्या महिन्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचे, "वावर पडीक ठिवू नका. कसं करायचं थे तुमचं तुमी पाहा."

ही झाली ॲबस्ट्रॅक्ट मेथड! नाव दिलंय, शरीर दिलेलं नाही. समजा ते "कापूसच लावा" म्हणाले असते, तर ती साधी मेथड झाली असती. आम्ही काहीही न लिहिता तीच चालत राहिली असती, जमत असो वा नसो. समजा काहीच बोलले नसते, तर पेरणी राहून गेली तरी कोणाला कळलं नसतं. ॲबस्ट्रॅक्ट मेथड या दोन्हींच्या मधली. ती म्हणते, करायचं तर आहेच, पण उत्तर तुझं. आणि नाही केलंस तर कंपायलर पुढे जाऊ देणार नाही.

आपल्या सातबाऱ्यात हेच आहे बघा. गाव नमुना सात सांगतो, जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो, तिच्यात काय पेरलं. सात एकदा भरला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, बारा मात्र दर हंगामाला नव्याने भरावा लागतो. 2021 पासून ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि ती नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची झाली, शेतात उभं राहून फोटो काढून. पुण्यात खुर्चीत बसून नाही जमत.

ताईने तिची मेथड लिहिली. ती मलकापूरला असते. तिच्या वाट्याच्या तुकड्यात कापूस, मधे तुरीच्या ओळी. आठवड्याला एक चक्कर. आई दोघांनाही एकच प्रश्न विचारते, "पेरणी झाली का?" कशी केली, ट्रॅक्टर कोणाचा, बियाणं कुठलं, याच्याशी तिला घेणं नाही. यालाच पुस्तकात पॉलिमॉर्फिझम असं भारदस्त नाव आहे.

आता माझं. जावाचा नियम असा की सबक्लासने ॲबस्ट्रॅक्ट मेथड लिहिली नाही, तर तोही ॲबस्ट्रॅक्टच जाहीर करावा लागतो. त्याचं नाव असतं, वारसा असतो, पण त्याचा एकही ऑब्जेक्ट तयार होत नाही. भाऊबंद, मित्र, टीममधले सहकारी, सगळ्यांचा सल्ला एकच : मक्त्याने देऊन टाक. त्यात गैर काही नाही. मेथड आपण लिहायची आणि आत दुसऱ्याला बोलवायचं, हे आम्ही ऑफिसात रोज करतो. पण निदान आत कोणाला बोलवायचं आणि काय सांगायचं, ते तरी आपल्याला कळायला हवं ना?

म्हणून सध्या ठरवलंय ते एवढंच. माझ्या तुकड्यात खरिपाला सोयाबीन होतं. ते निघालं की विहिरीच्या पाण्यावर हरभरा, आणि तो मी स्वतः उभं राहून पेरणार. चार दिवसांची रजा टाकली आहे. पुढे कायमचं गावाला जायचं की पुण्यातच राहायचं, हा प्रश्न मोठा आहे आणि तो एका हरभऱ्याने सुटणार नाही. पण या रब्बीला बाराच्या रकान्यात 'पडीक' लागणार नाही. उत्तर कसंही असो, माझं असेल.